चावायचं नाही

गोडलीव्हच्या दुकानात मी शिरलो
ते पंच्याऐंशी टक्के मागायला.
जेवढं कडू तेवढं भारी,
असं कुठूनतरी डोक्यात बसलेलं.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
"टक्के शाळेत ठेवून यावेत," म्हणाली,
"पंच्याऐंशी मिळवून नापास झालेली
पुष्कळ आहेत या फळीवर."

बाहेर गेंटचा नोव्हेंबर,
साडेचारलाच कालवा काळा पडलेला,
अंगावर ट्रामचा गणवेश, पुढची पाळी सहाला.
म्हटलं, वडिलांसाठी हवंय.
डावी बाजू गेलीय. बोलणंही.
नर्स म्हणते, चावायचं काही नको,
विरघळेल असं चिमूटभर चालेल.

"चावायचं नाही," ती म्हणाली,
"हे मी धडधाकट माणसांना सांगून थकले."

मग तिनं एक वडी कानाशी धरून मोडली.
कट्.
सुक्या काटकीसारखा, एकच, स्वच्छ.
दुसरी मोडली, ती नुसतीच वाकली, कुरकुरली.
"हिच्यात लोणी परकं आहे."
चांदीच्या कागदातली तिसरी उजेडात तिरपी केली.
पाठ काळी नव्हतीच तिची,
जुन्या महॉगनीच्या कपाटासारखी तांबूस.
"काळंकुट्ट दिसलं की समज,
बी जास्त भाजलंय. जळकं झाकायला
मग व्हॅनिला ओततात."
वेष्टनाच्या मागे तीनच शब्द होते,
कोकोचं बी, साखर, आणि कुठल्याशा दरीचं नाव,
जे मला आजही धड उच्चारता येत नाही.

"काय करायचे वडील?"
गिरणीत होते. कापड तपासायचे.
अंगठा आणि तर्जनीत लिनन चोळून
डोळे मिटून सांगायचे, हे जाईल, हे परत.
माझी प्रगतिपुस्तकंही तशीच चोळायचे,
वाचायचे नाहीत.

तिनं त्याचे पैसे घेतले, सुट्टे मोजून दिले,
आणि दारापर्यंत आली.
"फ्रिजमध्ये घालशील तर पुन्हा येऊ नकोस."

आरमांड खिडकीशी बसले होते, टेकवून ठेवलेले.
मी नखाएवढा तुकडा मोडला, त्यांच्या कानाशी.
कट्.
भुवई हलली. उजवी.
तोंडाशी नेला तर त्यांनी हातात मागितला,
चांगल्या हातात,
आणि धरला अंगठा-तर्जनीत.
चोळू लागले.
मी थांबवणार होतो, टॉवेल शोधत होतो,
तोवर कडा गेल्या, चकाकी गेली,
बोटांच्या रेषांत तांबूस ओल उतरली.
गिरणी बंद होऊन एकवीस वर्षं झालीत.
ते चोळत होते, डोळे मिटून,
धागा शोधावा तसं.

मग बोट जिभेवर ठेवलं.

मीही एक तुकडा घेतला. चावला नाही,
जमेल तेवढं.
आधी आंबट, कच्च्या चेरीसारखं, जवळजवळ उद्धट.
मग कडू, आत येऊन खुर्ची ओढून बसणारं.
मग बराच वेळ काहीच नाही.
वाटलं संपलं.
आणि कानामागून आलं काहीतरी,
पण तिखट नाही झालं,
पावाच्या करपल्या कडेसारखं, मधासारखं,
नाव नाही माहीत.

दुसरा तुकडा त्यांच्यापुढे केला.
वडिलांनी तर्जनी उचलली.
डाग पडलेली, थरथरती, उभी.
नको असं नव्हतं ते.
मला ते बोट लहानपणापासून ठाऊक आहे,
तागा उलगडत असताना मध्ये बोललो की
असंच वर जायचं.
थांब. अजून चालू आहे.

सहाची पाळी होती.
मी टोपी काढून पलंगाच्या कडेवर ठेवली
आणि बसलो.